पुठ्ठ्यातलं पान

अकरा फेब्रुवारी. तेरा खातेवह्यांची बांधणी, प्रत्येकी बत्तीस, एकूण ४१६. बिल सकाळी आलं, दुपारी मी ते मंजूर केलं आणि चारच्या आत रोख हातात दिली. पावती माझ्या फाइलीत आहे. आमच्या कार्यालयाकडून दाभणला मिळालेली ती शेवटची रक्कम.

दाभण हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. उंच, काटकुळा, खांद्यात जरा वाकलेला आणि बोलायला टोकदार, म्हणून आमच्या गोदामातल्या लोकांनी पोती शिवायच्या सुईचं नाव त्याला चिकटवलं. त्यानेही ते न कुरकुरता घेतलं. धंदा बुकबाइंडिंगचा. कार्यालयाच्या मागच्या गल्लीत जिन्याखालची एक खोली होती, तिच्यावर पाटी नव्हती. "पाटी कशाला साहेब? वह्या फाटल्या की लोकांना वाट आपोआप सापडते," असं म्हणायचा.

आत जाताना मला मान वाकवावी लागे, त्याला कंबर. डावीकडे लोखंडी शिकंजा, त्यात कायम कुणाची तरी वही दाबून ठेवलेली. उजवीकडे कागद कापायचं यंत्र. मध्ये लाकडी फळी, तिच्यावर खळीचा डबा, हाडाची पट्टी, मेणाचा गोळा आणि दोऱ्याची रिळं. खळ तो रोज ताजी शिजवायचा. शिळ्या खळीला झुरळं लागतात आणि झुरळांना आकड्यांची फार आवड, असं त्याचं मत होतं. "तुमचा ताळेबंद एखाद्या वर्षी जुळला नाही तर माझ्याकडे या, झुरळाने खाल्ला असं लिहून देतो." अशी आमची तीस वर्षांची ओळख. तो मला साहेब म्हणे. मी त्याला तोंडावर बाइंडर म्हणे आणि माघारी दाभण.

तो एका पंथाचा होता. ते लोक आपल्या पंथाला नुसतं 'वाट' म्हणत. माणसं सरळ होती. दिलेला शब्द पाळत, व्यसनाला शिवत नसत, कुणाच्या दुखण्याखुपण्याला धावून जात. प्रमुखाला थोरले म्हणत. दर आठवड्याला सभाघरात पुस्तकाचं वाचन होई आणि त्याला दाभण कधी चुकला नाही. त्यांचं एकच म्हणणं मला खुपायचं. जगात खरी वाट एकच, आणि ती त्यांची. बाकीचे सगळे चुकलेले.

एकदा मी विचारलं, "हे ठरवलं कशावरून?"

"पुस्तकावरून."

"पुस्तक तर प्रत्येकाचंच असतं."

"असतं. पण त्यात माणसांनी हात घातलेले असतात. आमचं पहिल्या थोरल्यांनी सांगितलं तसंच्या तसं आहे. एक अक्षर हललेलं नाही. साहेब, पहिली आवृत्ती माझ्या वडिलांनी शिवली, मी बारा वर्षांचा होतो. नंतरची प्रत्येक मी शिवली. माझ्या हाताखालून न गेलेली प्रत नाही."

"मग पहिली प्रत दाखवा. जुळवून पाहू."

"ती कुठली असायला? नवी आवृत्ती निघाली की जुनी सभाघरात जमा करायची. जीर्ण पुस्तक घरात ठेवत नाहीत आमच्यात."

"म्हणजे जुळवायला काहीच नाही."

"जुळवायचं कशाला? बदललेलंच नाही म्हटल्यावर."

मी हसलो. तो हसला नाही. ज्या व्यवहाराचं मूळ कागदपत्र जमा करून नष्ट केलं जातं, त्याला आमच्या धंद्यात काय म्हणतात ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण वह्या शिवून घ्यायच्या होत्या, मी गप्प बसलो.

त्या पुस्तकात शेवटी दहा नियम होते. दहावा असा: वाट सोडणाऱ्याकडे पाठ करावी, त्याच्याशी बोलू नये, त्याच्याबरोबर जेवू नये, त्याच्या उंबऱ्यात पाऊल टाकू नये. आणि दाभणच्या एकुलत्या एका मुलाने वाट सोडलेली होती.

मुलगा वायरमन होता. बापासारखाच काटकुळा, पण हसरा. नऊ वर्षांपूर्वी तो सभाघरात उठून उभा राहिला आणि त्याने विचारलं, "दुसऱ्या वाटांनी गेलेले पोचत नाहीत, हे आपल्याला कुणी परत येऊन सांगितलं का?" चारदोन माणसं हसली. थोरल्यांनी त्याला प्रेमानेच खाली बसायला सांगितलं. तो बसला नाही, चपला घालून निघून गेला आणि तीन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहिला. त्या दिवसापासून दाभण त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. समोरून येताना दिसला तर पलीकडच्या कडेने जाई.

एकदा दुकानातली वीज गेली. वायरमन बोलावला असता तर कोण आला असता हे ठाऊक असल्याने दाभणने चार दिवस दाराशी बसून उजेडात काम केलं. पाचव्या दिवशी दिवा लागलेला होता. मीटर बाहेर जिन्याच्या भिंतीवर होतं. कुणीतरी आत पाऊल न टाकता ते दुरुस्त करून गेलं होतं. मी नेमका तिथे होतो. दाभणने दिव्याकडे पाहिलं, "आला वाटतं करंट," म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला. तो ओवायला त्याला बराच वेळ लागला.

मी ते शेवटचं बिल दिलं त्या वर्षी, जानेवारीत, मुलगा इस्पितळात पडला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की आता आठवड्यांचा प्रश्न आहे. वहिनी, म्हणजे दाभणची बायको, रोज डबा घेऊन जाऊ लागल्या. त्यांनी नियम मोडला म्हणून दाभण त्यांच्याबरोबर जेवेनासा झाला. वहिनींनीच मला सांगितलं, "हे अकराला जेवतात, मी बाराला. भांडी तेवढी एकत्र घासते. त्याला नियम नाही."

मुलाने आईबरोबर निरोप पाठवला होता. बाबांना सांग, माझी इस्पितळाची फाइल सुटी सुटी झालीय, रोज कागद पडतात. येऊन शिवून द्या म्हणावं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ऐकलं आणि खळ ढवळत बसले. मी म्हटलं, अहो, तुमच्या पुस्तकाला विचारा आणि या. पण लवकर विचारा."

अकरा फेब्रुवारीला ४१६ देताना मी दाभणकडे एक जुनी खातेवही दुरुस्तीला दिली होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीची, त्याच्या वडिलांच्या हातची. एका बाजूचा पुठ्ठा सुटून आला होता; असल्या किरकोळ दुरुस्तीचे पैसे तो घेत नसे. त्या वर्षाच्या एकूण सात वह्या आमच्या कपाटात होत्या, त्यातली ही एक.

तेरा तारखेला तो स्वतः आमच्या कार्यालयाच्या दारात येऊन उभा राहिला. "साहेब, जरा दुकानात येता?"

फळीवर पत्र्याचा पसरट ट्रे होता, त्यात कोमट पाणी. बाजूला ओले कागद फडक्यावर पसरलेले. "त्या काळी पुठ्ठा मिळायचा नाही," तो म्हणाला. "वडील छापखान्यातले खराब झालेले फर्मे, म्हणजे छापलेले ताव, आणायचे, एकावर एक खळीने चिकटवायचे आणि दाबून पुठ्ठा करायचे. तुमच्या वहीचा पुठ्ठा भिजत घातला, तर आत हे."

ते त्यांच्या पुस्तकाचं पान होतं. पहिल्या आवृत्तीचं, कारण त्या वर्षी दुसरी कुठली नव्हतीच. तळाला शाईचा मोठा डाग पडला होता, पण वरचा मजकूर स्वच्छ होता. दाभणने त्याची हल्लीची प्रत शेजारी उघडून ठेवली आणि हाडाच्या पट्टीने ओळ दाखवली. हल्लीच्या प्रतीत होतं: 'दुसऱ्या वाटांनी गेलेले पोचत नाहीत.'

जुन्या पानावर होतं: 'दुसऱ्या वाटांनी गेलेले पोचतात की नाही, हे मला ठाऊक नाही. मी त्या वाटांनी गेलेलो नाही.'

मी दोन्ही तीनतीनदा वाचलं. बाकीचा परिच्छेद शब्दाला शब्द सारखा होता.

"थोरल्यांना दाखवतो," दाभण म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

पंधरा तारखेला तो जाऊन आला. थोरले रागावले नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाला धरला आणि म्हणाले, "हा फर्मा रद्दीत का गेला असेल, याचा विचार केलात का? त्यात चुकीचं छापलं गेलं, म्हणूनच ना? फेकलेल्या कागदावरून तुम्ही पुस्तक तपासणार?"

दाभण तिथून थेट माझ्याकडे आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. "तुम्ही आयुष्यभर कागद तपासलेत. सांगा, त्यांचं म्हणणं पटतं?"

मी विचार केला. तो प्रामाणिकपणे केला, हे मला इथे नमूद केलं पाहिजे. म्हणालो, "मुद्दा गैर नाही. हे पान डागामुळे रद्द झालं की मजकुरामुळे, ते या एकावरून सांगता येत नाही. याच पानाची दुसरी प्रत मिळाली, वेगळ्या कारणाने खराब झालेली आणि मजकूर हाच, तर मात्र शंका उरत नाही."

"दुसरी मिळाली तर वाट खोटी ठरते?"

"नाही. वाट खरी असू शकते. फक्त आपणच एकटे खरे याचा जो पुरावा तुम्ही देता, तो राहत नाही. पुस्तक बदललेलं आहे एवढंच सिद्ध होतं."

"मला वाट खरी की खोटी ते नकोच आहे, साहेब." तो हाताच्या बोटांवरची वाळलेली खळ सोलत होता. "मला ठाऊक नाही असं जे पहिले थोरले स्वतः म्हणतात, त्यांनी माझ्या मुलाकडे पाठ करा असं सांगितलं असेल का, एवढंच मला कळायला हवंय. तुमचं काय मत? आज जाऊ त्याच्याकडे?"

मी म्हणालो, "एका कागदावर नका जाऊ. दुसरा मिळू दे."

उरलेल्या सहा वह्यांचे पुठ्ठेही त्याच वर्षीचे होते. पण त्या धडधाकट होत्या. धडधाकट दप्तर फोडायला मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. मी त्याच दिवशी पत्र लिहिलं: सहा जुन्या खातेवह्यांची बांधणी सैल झाल्याने फेरबांधणीस परवानगी मिळावी. सैल झाल्या नव्हत्या. एवढं खोटं मी लिहिलं. ते कपाट माझ्या टेबलापासून चार पावलांवर होतं आणि किल्ली माझ्या खिशात असायची. मंजुरीशिवाय ते उघडून वह्या बाहेर काढाव्यात, हे मला सुचलं नाही. दाभणलाही सुचलं नाही. तो रोज दहाला दारात येऊन विचारायचा, "आलं?" मी नाही म्हणायचो. मान हलवून तो परत जायचा.

मधल्या काळात एकदा वहिनींनी त्याला इस्पितळाच्या फाटकाशी पाहिलं. हातात छोटी पुडी होती. त्यांना वाटलं, आता येतील. त्या वर गेल्या, मुलाला उशी देऊन बसता केलं, त्याचे केस नीट केले. तासाभराने खाली आल्या तर फाटकाशी कुणी नव्हतं. पुडीत जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि टोचा होता, हे मला नंतर कळलं.

सव्वीस तारखेला पहाटे मुलगा गेला. वहिनी तिथेच होत्या. निरोप दुकानात पोचला तेव्हा दाभण खळ शिजवत होता. त्याने स्टोव्ह बंद केला आणि चालत इस्पितळात गेला. कुठलंही दुसरं पान न मिळता तो त्या खोलीच्या आत शिरला. गादी दुमडून ठेवलेली होती. नर्सने विचारलं, आपण कोण? तो म्हणाला, "वडील. त्याची फाइल शिवायची होती." तिने कपाटातून सुटे कागद काढून त्याच्या हातात दिले. अंत्यविधीला वाटेवरचं कुणी आलं नाही. तो वहिनींच्या शेजारी उभा होता आणि कागद काखेत घट्ट धरले होते.

अठ्ठावीस तारखेच्या डाकेने मंजुरी आली. ते पत्र मी फाइलीला लावलं. मग सहा वह्या काढल्या आणि स्वतः उचलून दुकानात नेल्या. मला वाटलं होतं, तो परत पाठवील. त्याने पाणी कोमट केलं.

चार वह्यांतून तेच पान निघालं. एक घडीत चिरडलेलं, एक तिरकं छापलेलं, एक कोपऱ्यात फाटलेलं, एक फिकं. मजकूर चारही ठिकाणी एकच. 'हे मला ठाऊक नाही. मी त्या वाटांनी गेलेलो नाही.'

पाचव्या वहीतून पुस्तकाचं शेवटचं पान निघालं, नियमांचं. नववा नियम होता की सभाघराबाहेर चपला ओळीत काढाव्यात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना अडखळायला होत नाही. त्याच्याखाली एक छोटी वेलबुट्टी होती आणि मग कोरा कागद. दाभणने पान उलटून पाहिलं. मागेही कोरं. परत सुलटं केलं आणि बोट ठेवून पहिल्यापासून मोजलं.

"नऊच आहेत," तो म्हणाला.

  पान फडक्यावर पसरून तो म्हणाला, "तुमचं बरोबर होतं साहेब. दुसरा कागद हवाच होता. नाहीतर शंका राहिली असती." त्यात टोमणा नव्हता. तीस वर्षं ज्या माणसाचा एकही शब्द टोचल्याशिवाय गेला नाही, त्याने हे इतकं सरळ सांगितलं की मला तिथे उभं राहवेना.

पुढे तो सभाघरात गेला नाही. आठवडाभराने थोरले दुकानात आले. वाकून आत शिरले, फळीवर ओळीने मांडलेली सहाही पानं वाचली आणि स्टुलावर बसून राहिले. वयाने ते दाभणपेक्षा लहान. पहिली आवृत्ती त्यांनी पाहिलेली नव्हती. "माझ्या हाती आलं तेव्हापासून असंच आहे," एवढंच म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. निघताना त्यांनी ती पानं जमा करायला मागितली.

दाभण म्हणाला, "अजून जीर्ण झालेली नाहीत."

मुलाचे कागद त्याने शिवले. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, तापाचे तक्ते, सगळं तारखेप्रमाणे लावून, पाठीला कापड लावून, वर चांगल्या प्रतीचा पुठ्ठा. आतापर्यंत मी त्याच्या हातच्या शेकडो वह्या पाहिल्या. इतकी नीट बांधणी पाहिली नाही. ती कुठेही उघडली तरी सपाट राहते.

वहिनी एकदा बाजारात भेटल्या. मी विचारलं, आता जेवायला एकत्र बसता ना? त्या म्हणाल्या, "हे बारापर्यंत थांबतात माझ्यासाठी. मी मग एकला जेवते." पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे म्हणाल्या, "रागाने नाही हो. समोर बसले की त्यांचे हातच दिसतात मला. फाटकापर्यंत येऊन परत गेलेले."

दुकान आणखी वर्षभर चाललं. मग त्याला सुईत दोरा ओवता येईना, आणि त्याने शिकंजा विकला. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याला पोचवायला वाटेवरचे तीन जण आले होते. मागे, थोडं लांब उभे होते. थोरले त्यांत होते.

त्या सहा वह्या त्याने पुन्हा शिवून मला वेळेत दिल्या होत्या. बिल दिलं नव्हतं. मी तीनदा मागितलं. पहिल्यांदा म्हणाला, देतो. दुसऱ्यांदा म्हणाला, पुठ्ठे माझ्या वडिलांचे, तुम्हाला कसले पैसे लावू. तिसऱ्यांदा त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तो गेल्यावर मी वहिनींना विचारलं, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

येत्या सप्टेंबरात मी निवृत्त होतो आहे. माझ्या जागी येणाऱ्यासाठी शिल्लक बाबींची यादी करायला घेतली आहे. बिलाशिवाय रक्कम अदा करता येत नाही आणि मंजुरी झालेलं काम यादीतून काढताही येत नाही. सहा खातेवह्यांची फेरबांधणी, प्रत्येकी बत्तीस, एकूण १९२. देणे बाकी.